धनजच्या कोठ्यातली हेरॉल्ड

मंजुषा भित्री होती आणि हे मंगरूळपीरच्या एसटी डेपोत सगळ्यांना ठाऊक होतं. तिकीट तपासणारे साहेब गाडीत चढले की मशीनमधलं एकूण एक तिकीट बरोबर असतानाही तिच्या तोंडचं पाणी पळायचं. नाल्याच्या पुलावर वीतभर पाणी दिसलं तरी ती ड्रायव्हरला म्हणायची, "थांबू न भाऊ, उतरू द्या पानी." नवरा संघदीप तिची थट्टा करायचा, पण घराची कडी लागली का हे तिनं स्वतः पाहिल्याशिवाय तिला झोप यायची नाही.

जुन्या मोटारींपाशी मात्र ती वेगळीच बाई व्हायची. तिचे वडील, राजपाल मिस्त्री, बसस्टँडच्या मागच्या बाजूला मोटारी दुरुस्त करायचे. शाळा सुटली की मंजुषा तिथंच. वडील गाडीखाली आणि ती बाजूला पाने-पकड घेऊन बसलेली. डोळे मिटून नुसत्या आवाजावरून ती सांगायची, ही फियाट आली, ही जीप गेली. वडील वारल्यावर गॅरेज बंद झालं आणि ती कंडक्टर झाली, पण ती नजर काही गेली नाही. एसटीच्या उंच खिडकीतून कुंपणापलीकडचं सारं दिसतं. शिरपूरला धर्मशाळेच्या मागं चाकं नसलेली काळी अ‍ॅम्बॅसेडर, कारंज्यात एका परसात कोंबड्यांनी घर केलेली फियाट. दिसली की ती मोबाइलनं फोटो काढायची आणि घरी गेल्यावर वहीत नोंद करायची.

असे फोटो टाकायला तिला एक ग्रुप मिळाला होता, 'वऱ्हाडची जुनी चाकं'. वाशीम, अकोला, अमरावतीकडचे दोनेकशे लोक त्यात होते. बायका दोनच, त्यातली एक मंजुषा. वाशीमचे माणिकराव त्या ग्रुपचे मोठे. कृषी खात्यातून निवृत्त झालेले, दारात दोन चकचकीत अ‍ॅम्बॅसेडर उभ्या. कोणती गाडी भारी आणि कोणती भंगार, हे माणिकरावांनी म्हटलं की बाकीचे माना डोलवायचे.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मंजुषाला नुकतीच मंगरूळपीर–कारंजा–धनज ही ड्युटी लागली होती. धनज यायच्या आधी एका वळणावर, बाभळींच्या मागं, टिनाचा एक कोठा दिसतो. त्या दिवशी कोठ्याचं दार उघडं होतं, आणि आत गुरांऐवजी एक फिकट हिरवी गाडी उभी होती. तिचं मागचं अंग मंजुषाला दिसलं, माशाच्या शेपटासारखं दोन्हीकडून जरासं वर उचललेलं. ती उभ्या उभ्या ओरडलीच, "हेरॉल्ड!" मद्रासला बनलेली, दोनच दारांची. वडिलांनी एकदा अशी गाडी दुरुस्त केली होती. तिचं अख्खं नाक पुढच्या बाजूला उलटून इंजिन उघडं पडताना मंजुषानं पाहिलं होतं.

तिनं घाईघाईनं फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. गावाचं नाव टाकलं नाही, कारण तसा ग्रुपचाच नियम होता.

माणिकरावांचं उत्तर आलं, "हेरॉल्ड? हिले कोन पुसते बाई! ना धड मोठी, ना धड दनकट. कोंबड्या ठेवाले बरी." खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कुणी लिहिलं, अ‍ॅम्बॅसेडर दिसली तरच टाका. मंजुषाचं तोंड एवढंसं झालं. आपल्याला आवडलं तेच चुकलं की काय, असं तिला वाटत राहिलं.

तरी पुढच्या सुट्टीला ती संघदीपला घेऊन त्या कोठ्यापाशी गेलीच. उकंडराव आणि मोतीबाई, दोघंच तिथं राहत. म्हातारा ऐन उमेदीत कारंज्याच्या एका डॉक्टरकडे ड्रायव्हर होता. त्या हेरॉल्डमधून डॉक्टर रात्री-अपरात्री खेड्यापाड्यांत जायचे. अडलेल्या किती बाया त्या मागच्या सीटवरून दवाखान्यात पोचल्या, हे उकंडराव बोटांवर मोजायला लागले आणि बोटं संपली. डॉक्टर गेल्यावर त्यांच्या बायकोनं किल्ली उकंडरावांच्या हातावर ठेवली, "तूच घेऊन जा, तूच सांभाळशील." कागद मात्र डॉक्टरांच्याच नावावर राहिले. पोळ्याला बैल धुतात, तशी उकंडराव ती गाडी धुवायचे. तिच्या कपाळाला कुंकू लावायचे. बैल विकले गेले तरी गाडीची आंघोळ चुकली नव्हती.

"कोनाले सांगजो नोको, पोरी," निघताना ते म्हणाले होते. "कागद नाई माह्या नावावर. कोनी येऊन नेली त मी काय करीन?"

फोटो आधीच टाकलाय, हे सांगायला मंजुषाची जीभ रेटली नाही. तसंही त्या गाडीला कोण विचारत होतं!

सहा वर्षं कुणी विचारलंही नाही. मग वारं फिरलं. नागपूरला कुठल्याशा प्रदर्शनात एक दोन दारांची हेरॉल्ड आली, तिचा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. ग्रुपमधली तरुण मुलं लिहू लागली की अ‍ॅम्बॅसेडर तर गल्लोगल्ली सापडते, खरी देखणी गाडी ही. रंगरंगोटी करून चकचकीत केलेल्या गाड्यांना ते आता नाकं मुरडायला लागले. मूळ रंगाची, मूळ काचांची, जशी होती तशी असलेली गाडी हवी. आणि एके सकाळी माणिकरावांनी लिहिलं, "हेरॉल्डची नजाकत मी त पहिलेपासूनच सांगून राह्यलो."

मंजुषाला हसू आलं. ते हसू दुपारपर्यंतच टिकलं. दुपारी कुणीतरी तिचा सात वर्षांपूर्वीचा फोटो शोधून वर काढला. खाली एकच ओळ होती, "ही कुठं हाय?"

त्या दिवसापासून तिचा फोन वाजायचा थांबेना. "ताई, गाव तेवढं सांगा." "ताई, मी फक्त पाहीन." ती सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, जुनी गोष्ट आहे, आठवत नाही. एक माणूस मात्र उत्तरानं थांबला नाही. नाव वीरेंद्र. आवाज मधाळ.

"ताई, फोटोच्या कोपऱ्यात खिडकीची दांडी दिसून राह्यली. एसटीची हाय न?"

मंजुषा भाकरी थापायची थांबली.

"आन तुमी त मंगरूळ डेपोत. धनज रूट, बरोबर?"

तिनं फोन बंद केला. हाताला भाकरीचं पीठ होतं, ते फोनला लागलं. ते तिनं पदरानं पुन्हा पुन्हा पुसलं. संघदीप म्हणाला, "अवो, गाडीच त पाहाची हाय त्याले. खाऊन थोडीच टाकीन तुले." त्याला कसं सांगणार, की फोनवरचा माणूस एकदाही मोठ्यानं बोलला नव्हता आणि तिला नेमकी त्याचीच भीती वाटत होती.

मे महिना होता. सोमवारी सकाळच्या फेरीला मंगरूळपीरहून एक माणूस चढला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, काळा चष्मा कपाळावर सरकवलेला. कंडक्टरच्या सीटसमोरच्या बाकावर बसला.

"धनज एक," तो म्हणाला. मंजुषानं आवाज ओळखला.

तो शहाण्यासारखा बसून राहिला, तिच्याशी एक शब्दही बोलला नाही. धनजला उतरून चहा प्याला आणि त्याच गाडीनं परत आला. मंगळवारी पुन्हा तेच. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की हा माणूस खिडकीबाहेर बघतच नाही. तो तिच्याकडे बघतो. तिनं उजवीकडे बघितलं की उजवीकडे, डावीकडे बघितलं की डावीकडे. तिची नजर कुठं अडखळते, हेच तो शोधतोय.

सात वर्षं त्या वळणावर तिची मान आपोआप बाभळींकडे वळत होती. मंगळवारी वळली का? तिला आठवेना. रात्रभर ती आठवत राहिली.

बुधवारी तिनं ठरवलं, मान वर करायचीच नाही. कारंजा सुटलं तशी गाडी खचाखच भरली. अर्ध्या तिकिटाच्या बाया, लग्नाला निघालेलं एक कुटुंब, पायाशी आंब्याच्या पेट्या. तिनं तिकिटं दिली आणि सीटवर बसून मशीनमध्ये डोळे खुपसले. वळण जवळ येत होतं, ते तिला रस्त्याच्या खड्ड्यांवरूनच कळत होतं. कानशिलावरून घाम ओघळून मशीनवर पडला. तिनं तो पुसला नाही.

"ताई," समोरून मऊ आवाज आला, "आज या वळनावरच खाली काहून पाहून राह्यल्या तुमी?"

तिनं दचकून वर पाहिलं. तो हसत होता. त्यानं हात वर करून घंटीची दोरी ओढली. प्रसेनजितनं, म्हणजे ड्रायव्हरनं, गाडी उभी केली. वीरेंद्र उतरला, खिशातून फोन काढला आणि बाभळींकडे चालू लागला.

मंजुषाला ओरडायचं होतं. गाडीत साठ माणसं होती. तिच्याच हातानं डबल बेल वाजली आणि गाडी निघाली.

धनजला गाडी वीस मिनिटं थांबते. तिनं उकंडरावांचा फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. म्हातारा आठ-आठ दिवस फोनला चार्ज करायचा नाही. परतीच्या वाटेवर तेच वळण आलं तेव्हा तिनं पाहिलं. कोठ्यासमोर एक मोटारसायकल लागली होती. वीरेंद्र आणि आणखी एक जण उभे होते. उकंडराव काठी उगारून काहीतरी सांगत होते, आणि वीरेंद्र हात बांधून शांतपणे ऐकत होता. एकदा घंटी मारायची, गाडी थांबवायची, खाली उतरायचं. दोरी हाताच्या अंतरावर होती. मंजुषाचा हात उठला नाही. गाडी पुढं निघून गेली आणि कोठा बाभळींआड गेला.

मंगरूळपीरला पोचल्यावर ती सीटवरून उठली नाही. डबा उघडला नाही. शेवटी प्रसेनजितनंच विचारलं, "काय झालं व बाई? तब्येत बरी नाई का?" तेव्हा तिनं सगळं सांगितलं, फोटोपासून घंटीपर्यंत.

"आन तू आता सांगून राह्यली?" तो म्हणाला. मग तिचं तोंड बघून त्यानं आवाज उतरवला. "दुसरी फेरी हाय न आपली. थांबवतो मी तथी."

दुसरी फेरी त्या वळणावर पोचली तेव्हा पावणेपाच झाले होते. गाडीत सात-आठच माणसं उरली होती. यावेळी दोरी मंजुषानं ओढली. उतरून ती धावत सुटली. ढेकळं, कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या, पायातली चप्पल कुठं पडली ते तिला कळलं नाही. मोटारसायकल नव्हती. अंगणात कुणी नव्हतं. कोठ्याचं दार पुढं लोटलेलं होतं, आणि तेवढ्या धावेत एकच विचार तिच्या डोक्यात घुमत होता, नेली. नेली गाडी.

दार लोटलं तर गाडी जागेवर होती. तिच्यापाशी मोतीबाई जमिनीवर बसल्या होत्या, गाडीच्या दाराला डोकं टेकून.

"आजी! आबाजी कुठं हाये?"

"आत बसून हाय न माय," मोतीबाई म्हणाल्या. त्यांना नीट दिसत नसे. "ते मानसं बोलले, डाक्तरच्या पुतन्यानं गाडी इकली, उद्या टरक आनतो. तवापासून आत बसला. दोनी दारं लावून घेतले. मी निंघत नाई म्हने, मले घेऊन जा म्हने गाडीसंगं. मघापर्यंत बोलून राह्यला होता. आता निजला वाट्टे."

मंजुषानं काचेला नाक लावलं. उकंडराव स्टिअरिंगवर ओणवे झाले होते. तोंड उघडं, ओठ पांढरे. काचा सगळ्या वर. कोठ्याच्या टिनाखाली उभं राहवत नव्हतं, मग त्या बंद गाडीत काय असेल! तिनं काचेवर बुक्क्या मारल्या. "आबाजी! आबाजी, दार खोला!" मान हलली नाही.

दोन्ही दारं आतून लावलेली. मागून धावत आलेला प्रसेनजित दाराची मूठ ओढू लागला, ती नुसतीच खडखडली. "फोड काच," तो म्हणाला.

मोतीबाईंच्या चुलीपाशी पाटा-वरवंटा होता. मंजुषानं वरवंटा उचलला. ड्रायव्हरच्या बाजूला पुढं एक छोटी तिकोनी काच असते. ती फोडली की हात आत जातो, हे तिला वडिलांच्या गॅरेजातलं ठाऊक होतं. वरवंटा उगारला, आणि तेवढ्यात तिच्या मनात आलं की ही मूळ काच आहे, ही आता देशात कुठं मिळायची नाही. क्षणभरच आलं. पण त्या क्षणात तिचा हात थांबला, आणि पुढं कित्येक महिने तिला दचकून जाग यायची ती त्याच क्षणानं.

मग तिनं वरवंटा घातला. काच आत कोसळली. हात घालून तिनं खटका ओढला, मनगटापासून कोपरापर्यंत चामडी फाटली ते नंतर दिसलं. दार उघडताच भट्टीसारखी धग अंगावर आली. उकंडरावांचं अंग तापलेलं आणि कोरडं होतं. प्रसेनजितनं त्यांना पाठीवर घेतलं, मंजुषानं रांजणातलं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं, लुगड्याचं ओलं धडुतं छातीवर टाकलं. एसटीतल्या माणसांनी मागचा लांब बाक रिकामा केला. धनजला जाणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईनं पदरानं वारा घालत सांगितलं, "आमाले मंग सोडजो. आधी कारंजा चाल, बापू." गाडी तिथंच वळली.

कारंज्याच्या दवाखान्यात सलाईन लागली. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर काही हातात नव्हतं. बाहेरच्या बाकावर मंजुषा हाताला पट्टी बांधून बसली होती. वीरेंद्रनं उद्या ट्रक आणला तर? गाडी आता उघडी आहे, मोतीबाई एकट्या आहेत. काय करावं ते सुचेना म्हणून तिनं माणिकरावांना फोन लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. रडत रडत सगळं सांगितलं.

माणिकरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कोन्ती काच फुटली?"

कुणाला कधी उलटून न बोललेली बाई ती. "भाऊ," ती म्हणाली, "मानूस कसा हाय ते पुसा न आधी."

फोन कट झाला.

संघदीप आणि प्रसेनजित त्या रात्री कोठ्यापाशी खाट टाकून झोपले. दुसऱ्या दिवशी ट्रक आला नाही. आले ते माणिकराव, सकाळीच, वाशीमहून. आधी दवाखान्यात जाऊन ते उकंडरावांच्या पायाशी बसले, मग मंजुषाला बाहेर घेऊन गेले. मान खाली घालून म्हणाले, "वीरेंद्र सांगते तो पुतन्या-बितन्या काई नाई. असंच भेव दाखवून त्यानं दोन बुड्यायच्या गाड्या उचलल्या. आमाले म्हाइत होतं. गाड्या चांगल्या होत्या म्हनून आमी गप राह्यलो."

त्यांना ती काय दोष देणार होती! तीही सात वर्षं गप्पच राहिली होती.

तिसऱ्या दिवशी उकंडराव उठून बसले तेव्हा तिनं त्यांनाही सांगून टाकलं. "आबाजी, तो फोटो मीच टाकला होता. तुमी सांगाच्या पहिलेच."

म्हातारा पुन्हा आडवा झाला आणि त्यानं तोंड भिंतीकडे केलं. मोतीबाईंनी तिच्या पट्टीवरून हात फिरवला, पण म्हाताऱ्याचं तोंड काही वळलं नाही. ती उठून ड्युटीवर गेली.

माणिकरावांनी वीरेंद्रला ग्रुपमधून काढलं आणि त्याच्याविरुद्ध पोलिसांत लेखी तक्रार दिली. पुण्यात राहणाऱ्या डॉक्टरांच्या मुलीचा पत्ता त्यांनीच शोधून काढला. ग्रुपवर मात्र आठवडाभर वाद चालला तो काचेचा. कुणी म्हणालं, तिकोनी काच गेली, गाडीचं मोल गेलं. कुणी लिहिलं, नाही, ती फुटकी काच तशीच ठेवा, आता तीच गाडीची खरी ओळख. हजारदा मत बदलणारी ही माणसं आणि त्यांच्या एका मतासाठी एक म्हातारा बंद गाडीत भाजत होता, हे मंजुषाला सोसवेना. तिनं ग्रुप सोडला. वही ठेवली, पण गावांची नावं काळ्या शाईनं खोडली.

भीती काही गेली नाही. काळा चष्मा घातलेला कुणी गाडीत चढला की ती दुसऱ्या टोकाकडून तिकिटं द्यायला लागायची. वळणावर तिची मान आता कुठंच वळायची नाही, ती ताठ समोर बघत राहायची.

दिवाळीनंतर डॉक्टरांची मुलगी आली. साठीची बाई. मागच्या सीटवर बसून म्हणे ती अर्धा तास रडली. गाडी उकंडरावांच्या नावावर करायला ज्या ज्या सह्या लागतात त्या तिनं केल्या. जुना कागद, जुनी गाडी, ते काम वाशीमच्या कार्यालयात अजून चाललंय. हे सारं मंजुषाला माणिकरावांकडून कळलं. कोठ्याकडे जायचा तिला धीर झाला नव्हता.

मग डिसेंबरातल्या एका सकाळी, धनज मागं टाकून गाडी कारंज्याकडे निघाली होती, तेव्हा प्रसेनजितनं वेग कमी केला आणि मागं न बघता हाक मारली, "बाई, समोर पाह्य."

सडकेवरून समोरून फिकट हिरवी हेरॉल्ड येत होती. भर उजेडात, कुठलंही झाकण नाही, तिकोन्या काचेच्या जागी पत्र्याचा तुकडा बसवलेला. उकंडराव दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, पुढं झुकून चालवत होते. शेजारी मोतीबाई, डोक्यावरचा पदर वाऱ्यानं उडू नये म्हणून दातांत धरलेला. मंजुषानं आधी सडकेवर मागंपुढं पाहिलं. कुणी पाहील, कुणी फोटो काढील, कुणी मागं लागेल. प्रसेनजितनं गाडी सडकेच्या कडेला घेतली आणि वाट दिली.

एसटीपाशी आल्यावर हेरॉल्ड थांबली. उकंडरावांनी काच खाली केली आणि वर पाहिलं.

"काव पोरी," ते म्हणाले, "सात महिने झाले. आली नाईस तू."

मागून एक बाई खिडकीतून वाकून विचारत होती, "कोन्ती गाडी व ते, कंडक्टरबाई?"

"येतो आबाजी," मंजुषा कशीबशी म्हणाली. "रविवारी येतो."

"ये. तुह्या आजीनं तूर ठेवली हाय सोलून." आणि गाडी पुढं गेली.